व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत उघडतो

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हाताखालच्या एकाही माणसानं मला तोंडावर 'नाही' म्हटलं नाही. सगळे एकच म्हणायचे, "हो जाएगा साहब." सुरुवातीची काही वर्षं मी ते खरं धरायचो. मग काम झालं नाही की माझ्या डोक्यात लगेच यायचं, हे लोक काहीतरी लपवताहेत.

लपवत होतेच. ते काय लपवत होते, एवढ्यापुरता मी चुकलो. पण त्या चुकीपायी एका माणसाची नोकरी जाता जाता राहिली, आणि ती मीच घालवत होतो.

मी मूळचा ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याचा. वडील शाळेत शिपाई होते, घंटा वाजवायचे. त्यांच्या आधीच्या पिढ्या मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलेल्या. आमच्या घरात पहिली पदवी माझी. कॉलेजचा फॉर्म हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं भरला आणि वडिलांना म्हणाले, "इथे सही करा, बाकी मी बघतो." त्या कागदानं मला ग्वाल्हेरला आणलं, खुर्चीवर बसवलं. त्यामुळे कागदावर माझा फार विश्वास. जे लिहिलेलं आहे ते खरं. जे लिहिलेलं नाही, त्यात काळंबेरं असणार, असा माझा स्वभावच होऊन गेला.

काम पाणीपुरवठ्याचं. लष्कर भागातल्या काही मोहल्ल्यांना पाणी सोडण्याचा ठेका एका कंपनीकडे होता आणि मी त्या भागाचा मॅनेजर. लोकांना वाटतं, टाकी भरली की नळ येतो. पण टाकी आणि नळ यांच्यामध्ये एक माणूस असतो, व्हॉल्व्हमन. प्रत्येक मोहल्ल्याच्या तोंडाशी रस्त्यात एक लोखंडी झाकण असतं. झाकणाखाली व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमन छातीएवढ्या उंचीची लोखंडी चाबी त्यात उतरवतो आणि दोन्ही हातांनी गोल फिरवतो. ठरलेले फेरे झाले की पाणी सुटतं. पाऊण तासानं उलटे फेरे, पाणी बंद. मग सायकल घेऊन पुढचं झाकण. एकेकाकडे दहा-बारा झाकणं.

किती फेरे, हे प्रत्येक व्हॉल्व्हचं वेगळं. जुन्या व्हॉल्व्हचे आटे झिजलेले असतात, त्यात पहिले काही फेरे रिकामेच जातात. हे आकडे कुठेही लिहिलेले नव्हते. ते माझ्या हाताखालच्या एकोणीस व्हॉल्व्हमनच्या डोक्यात होते.

कंपनीनं मोबाइलवर एक ॲप आणलं. व्हॉल्व्ह उघडला की फोटो, बंद केला की फोटो, आणि किती फेऱ्यांत उघडला तो आकडा. मी सगळ्यांना बोलावून समजावून सांगितलं, चहा-समोसे दिले. सगळे म्हणाले, "हो जाएगा साहब."

महिनाभरात जे फोटो आले त्यांत अंगठे होते, आकाश होतं, एका फोटोत चांगली धष्टपुष्ट बकरी होती. आकड्यांची तर गंमतच. एका गृहस्थानं आपल्या सगळ्या व्हॉल्व्हपुढे एकवीस लिहिलं होतं.

मी विचारलं, "सबके इक्कीस कैसे?"

"शुभ रहता है साहब."

मी हसलो नाही. माझ्या मनात संशयानं घर केलं होतं. कोण कुठल्या मंगल कार्यालयाला जास्त पाणी सोडतं, कोण टँकरवाल्याला मिळालेलं आहे, हे आकड्यांवरून उघडं पडेल म्हणूनच हे टाळताहेत, अशी माझी खात्री होती. मी सकाळी साडेपाचला स्कूटर काढून त्यांच्या मागे फिरायला लागलो. ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट काढत नसे.

बायको म्हणाली, "अहो, अंधारात हेल्मेट घालून गल्लीबोळांत उभे राहता, एखाद दिवशी लोक तुम्हालाच धरून चोप देतील."

पंधरा दिवसांत माझ्या हाती एकच गुन्हा लागला. एक व्हॉल्व्हमन हलवायाच्या दुकानासमोर कचोरी खाताना दिसला. मी हेल्मेट वर केलं. तो शांतपणे म्हणाला, "साहब आप भी ले लो, गरम है." तरीही मी त्याला लेखी समज दिली. आज त्या कागदाची लाज वाटते.

याच दिवसांत मास्टर साहेबांचे फोन सुरू झाले. हे निवृत्त शिक्षक. यांचं घर पहाडियाच्या पायथ्याच्या गल्लीत. पहाडिया म्हणजे त्या गल्लीच्या वर चढत गेलेली वस्ती. खालच्या गल्लीचा एक व्हॉल्व्ह, वरच्या वस्तीचा दुसरा, दोन्ही झाकणं शेजारी-शेजारी, मास्टर साहेबांच्या फाटकासमोर. ते फाटकाशी घड्याळ घेऊन बसत.

"जाधव साहब, लिख लीजिए. ऊपर वाला पाँच चालीस पर खुला. हमारा छह बजे. बंद दोनों साथ हुए. ये बीस मिनट किस खुशी में?"

मी ॲप पाहिलं. या जागेचे फोटो चक्क नीट होते आणि वेळा मास्टर साहेबांच्या घड्याळाशी जुळत होत्या. वरच्या वस्तीला रोज वीस मिनिटं जास्त. फेऱ्यांचा रकाना मात्र रिकामा.

तिथला व्हॉल्व्हमन मनोहर दादा. वय अठ्ठावन्न, काम तीस वर्षांचं. एकोणीस जणांत मराठी बोलणारा तेवढा एकच. त्याचे पूर्वजही आमच्यासारखेच शिपाईगडी. कधी भेटला की घरच्यांची चौकशी करायचा. त्याच्या मराठीत हिंदी मिसळलेली असे. खरं तर आमच्या सगळ्यांच्याच असते.

मी त्याला गाठून विचारलं, "दादा, वरचा वीस मिनिटं आधी का उघडता?"

"साहेब, पाणी वर चढायला टाइम घेतं."

"नियम पाऊण तासाचा आहे. वरच्यांनाही आणि खालच्यांनाही."

"ठीक आहे ना, होऊन जाईल."

मराठीतला 'हो जाएगा'. माझा पारा चढला. मी म्हणालो, "आपला माणूस म्हणून सांगतोय, नाहीतर लेखी विचारलं असतं."

त्यानं चाबी खांद्यावर टाकली आणि सायकल पुढे काढली. पण दोन दिवसांत ऑफिसात कुजबूज ऐकू आली: मराठे मराठे आपस में मिल गए. हे ऐकून मी ठरवलं की मनोहर दादाच्या बाबतीत जराही सवलत द्यायची नाही. आज विचार केला तर वाटतं, त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर मी आणखी एकदा नीट विचारलं असतं.

सलग तीन सकाळी मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. हात खिशात, आणि खिशात बोटांवर मोजणी. पाच चाळीसला त्यानं चाबी उतरवली. चार फेरे दिले. मग थांबून तंबाखू मळली. दोन फेरे, एक उलटा. गमछा झटकला. मग मान वर करून ओरडला, "अम्मा, क्या हाल?"

पहाडियाच्या अगदी वरच्या गच्चीवरून एक म्हातारी ओरडली, "अभी सीटी बज रही भैया!"

मला वाटलं, प्रेशर कुकर. हा मनुष्य कामाच्या वेळी म्हातारीशी स्वयंपाकाच्या गप्पा मारतोय. आणखी तीन फेरे, एक उलटा, पुन्हा गप्पा. असं करत वीस मिनिटांनी त्यानं चाबी बाहेर काढली, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असं मी धरलं. तीन दिवस मी उलटे वजा करून बेरीज केली, तिन्ही दिवस चोवीस आले. मला एखादं गणित सुटल्यासारखा आनंद झाला. चोवीस फेरे द्यायला दोन मिनिटं पुरतात. बाकीची अठरा मिनिटं म्हणजे तंबाखू, गमछा आणि अम्मा.

मी वेळा आणि फेऱ्यांच्या तक्त्यात लिहिलं: पहाडिया, उघडण्याची वेळ सहा, फेरे चोवीस. आणि मनोहर दादाला सांगितलं, "चौकशी होईपर्यंत घरी थांबा."

ठेक्यावरच्या माणसाला घरी थांबायला सांगणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. पुढच्या यादीत त्याचं नाव येत नाही, बस्स. त्याची अजून दोन वर्षं राहिली होती. त्यानं चाबी गमछ्यानं कोरडी केली, भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "कोणाला देणार हे?"

"राकेशला."

राकेश बिर्लानगरकडचा, आमच्याच कंपनीचा, जवान गडी. मनोहर दादानं मान हलवली आणि तो सायकल घेऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम स्वतः हजर राहिलो. बरोबर सहाला राकेशनं माझ्या तक्त्याप्रमाणे चाबी फिरवली. दमदार हात, एका दमात पुरे चोवीस. वर आणखी दोन-चार शिल्लक होते तेही त्यानं देऊन टाकले. मी मास्टर साहेबांकडे बघून हातातलं घड्याळ दाखवलं. ते प्रसन्न झाले.

मग जमिनीखालून आवाज आला. लोखंडी दार कोणीतरी आतून धडाधड ठोकावं तसा. एकदा, दोनदा. तिसऱ्या ठोक्याला मास्टर साहेबांच्या फाटकासमोरचा रस्ता फुगला आणि फुटला. पाणी पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत उडालं. राकेशनं घाबरून तितक्याच वेगानं व्हॉल्व्ह बंद केला, त्या धक्क्यानं खालच्या गल्लीच्या लाइनचाही सांधा निघाला.

दहा मिनिटांत बादल्या घेतलेली शंभरेक माणसं माझ्याभोवती होती. गर्दीच्या कडेला सायकल धरून मनोहर दादा उभा होता. कोणीतरी त्याला विचारलं, "भैया, ये कैसे खुल गया आज?"

तो हिंदीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आज हमारे हिसाब से नहीं, साहब के हिसाब से खुला है."

लोक हसले. मी हेल्मेट घालून आलो असतो तर बरं झालं असतं.

दोन दिवस दोन्ही वस्त्यांना टँकरनं पाणी. मास्टर साहेबांनी फोन केला. आवाजात राग नव्हता, पोरकेपणा होता. म्हणाले, "जाधव साहब, अब घड़ी किसकी देखूँ?"

त्या संध्याकाळी मी मनोहर दादाच्या घरी गेलो. गोरखीच्या बाजूला एका बोळात दोन खोल्या. वहिनींनी 'या' म्हटलं नाही, पण खुर्ची सरकवली. दादा खाटेवर बसला होता.

मी म्हणालो, "दादा, फेरे मी स्वतः मोजले होते. तीन दिवस. चोवीसच होते."

"तुम्ही मोजले, कारण मी मोजवत होतो. खरा आकडा तो नाहीच."

"म्हणजे मला फसवत होतात?"

"हो."

इतक्या वर्षांत माझ्या हाताखालच्या माणसाकडून ऐकलेला हा पहिला सरळ 'हो'. मी पुढचं विचारायच्या आधी तोच सांगायला लागला.

"पहाडियाची लाइन रोज रिकामी होते साहेब. तिच्यात हवा भरते. थोडं पाणी सोडायचं, थांबायचं, हवा निघू द्यायची. हवा नळातून निघते ना, तर नळ सीटी मारतो. सगळ्यात वरचं घर अम्माचं. तिच्या नळाची सीटी बंद झाली की ती सांगते, मग पुढचे फेरे. तुम्ही फेरे मोजत होते. काम तर थांबण्यात होतं."

मला कुकर आठवला. मी ज्या वीस मिनिटांसाठी त्याला घरी बसवलं, तेच त्याचं काम होतं.

"मग हे मला त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"ही तिसरी कंपनी आहे माझी. प्रत्येक कंपनीचा साहेब येऊन विचारतो, किती फेरे. मागच्या वेळी एक रामसेवक होता आमच्यात. हस्ताक्षर सुंदर त्याचं. त्यानं सगळ्या व्हॉल्व्हचे फेरे वहीत लिहून दिले. साहेबानं पाठ थोपटली. नवी यादी आली, रामसेवकचं नाव नाही. त्याच्या वहीवरून दुसरा कोणीही करून राहिला होता ना." त्यानं माझ्याकडे बोट केलं. "तुमच्याजवळ डिग्री आहे. ती कोणी वहीत उतरवून घेऊ शकत नाही. माझ्याजवळ हे फेरे आहेत. तुम्ही तेच उतरवून मागता, आणि वरून समोसे खिलवता."

"लाइन फुटेल हे माहीत होतं तुम्हाला?"

त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं. उत्तर आतून आलं. वहिनी म्हणाल्या, "सांगायला बोलावलं होतं का कोणी? घरी बसवलं होतं ना तुम्ही? आता विचारता."

चहा मिळाला नाही. मिळायला नकोच होता.

निघताना दादा दारापर्यंत आला. म्हणाला, "माझी दोन वर्षं आहेत साहेब. बघा." आवाजात विनंतीही नव्हती आणि धमकीही नव्हती.

मॅनेजरला शिकवतात की लोकांना बदल आवडत नाही, म्हणून ते विरोध करतात. मीही अशा एका शिबिरात दोन दिवस बसून आलोय, प्रमाणपत्रही आहे. पण ही माणसं बदलाला भीत नव्हती. फोन त्यांना माझ्यापेक्षा चांगला चालवता यायचा. बकरीचा फोटो किती नेमका होता! त्यांनी आमचा अनुभव घेतला होता. माझा त्यांच्यावर जेवढा संशय, तेवढाच त्यांचा माझ्यावर. फरक एवढाच की त्यांच्या संशयाला रामसेवकचा पुरावा होता, आणि माझ्याकडे एक कचोरी.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा भोपाळहून फोन. लाइन फुटल्याचा अहवाल हवा होता. त्यांनी मार्गही सुचवला. "लिख दो कि हटाए गए वॉल्वमैन ने जानबूझकर गलत जानकारी दी. मामला ख़त्म. तुम भी साफ़, कंपनी भी साफ़."

अडचण अशी की हे खोटं नव्हतं. त्यानं मला फसवलं होतं, तसं तोंडानं कबूलही केलं होतं. मी तेवढं एक वाक्य लिहिलं असतं तर ते शब्दशः खरं ठरलं असतं, आणि मनोहर दादा त्याच दिवशी संपला असता. कदाचित पोलिसांपर्यंत गेलं असतं.

रविवारचा दिवस मी त्या कागदापुढे घालवला. बायकोनं दोनदा जेवायला बोलावलं. शेवटी लिहिलं: फेरे मी मोजले. मधलं थांबणं मी निरुपयोगी समजून काढून टाकलं. अनुभवी माणसाला कामावरून मी दूर केलं आणि नव्या माणसाला चुकीचा तक्ता मी दिला. चूक माझी. या लाइनवर जुना माणूसच हवा.

त्यानं मला फसवलं, हे लिहिलं नाही. जी गोष्ट खरी आहे हे ठाऊक असताना ती कागदाबाहेर ठेवली, असं माझ्या हातून पहिल्यांदाच झालं. वडील असते तर त्यांना पटलं असतं की नाही, सांगता येत नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली. त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत नाव नव्हतं; नंतरही आलं नाही, मी मॅनेजर म्हणूनच निवृत्त झालो. ॲपमध्ये 'पहिला फेरा' आणि 'पूर्ण उघडला' असे दोन फोटो घ्यायची सोय मी भांडून करून घेतली. मास्टर साहेबांना त्या वीस मिनिटांत पाणी नाही, हवा जाते, हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण हातातलं घड्याळ खाली ठेवलं नाही.

दुरुस्ती व्हायला आणि मनोहर दादाच्या परतीचा हुकूम यायला अकरा दिवस लागले. त्या सकाळी मी पहाडियाखाली गेलो. खरं सांगायचं तर माझी अपेक्षा होती. त्याच्यासाठी मी नोटीस अंगावर घेतली होती, हे त्याला ऑफिसातून कळलं असणार. दोन शब्द तरी बोलेल, असं वाटत होतं.

त्यानं झाकण उचललं, चाबी उतरवली, हात घट्ट बसवले आणि थांबला. माझ्याकडे बघत राहिला.

"काय झालं दादा?"

"साहेब, जरा तिकडे तोंड करून घ्या."

मला क्षणभर राग आला. मग त्याची दोन वर्षं आठवली. मी वळून उभा राहिलो.

पण जुनी चाबी दर फेऱ्याला करकरते. पाठीमागून पहिली करकर आली, दुसरी आली, आणि माझ्या लक्षात आलं की मी मोजतोय. सवय. समोर फाटकाशी मास्टर साहेब घड्याळ घेऊन बसलेले होते. मी दोन पावलं पुढे गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मास्टर साहब, आपकी वो शिकायत... ज़रा शुरू से बताइए."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. वीस मिनिटं ते बोलत होते. इतक्या दिवसांत त्यांचं म्हणणं मी त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.